फक्त मान ठेवा

परतूर,
श्रावण शुद्ध चतुर्थी, दुपारी जेवणानंतर

तीर्थस्वरूप सौ. सगुणाआक्काच्या पायांशी धाकट्या कल्याणचा नमस्कार. (डाव्या पायाला जरा लांबूनच, कारण त्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून ताजं आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा आता कितपत वाकतो, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस की व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोरीला चहा पाजून वाटेला लावतेस, काठी वापरतेस की ती दाराआड लपवून भिंत धरून चालतेस, हे सगळं कळव. शालू तुझी रोज आठवण काढते. मीही काढतो, पण सध्या माझ्या आठवणीला तुझ्याकडे भाव नाही, हे मला माहीत आहे. आखाडातल्या त्या रविवारपासून तू माझा फोन घेतलेला नाहीस. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला की दोन्ही खुणा निळ्या होतात, म्हणजे तू वाचतेस, आणि पुढं काहीच होत नाही. प्रत्येक वर्गात असं एक पोरगं असतं, सगळं येत असून पाटी कोरी ठेवणारं. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणाऱ्यांतली नाहीस, माझं दुसरीचं प्रगतिपुस्तक अजून तुझ्या पेटीत आहे.

तुझं म्हणणं मला तुझ्या बबलूकडून समजलं. नऊ वर्षांनी दाजी माझ्या दारात आले आणि मी त्यांना सगळ्या पंगतीच्या शेवटी वाढलं, असं तुला कळलं. म्हणून यंदाही राखीला तू येणार नाहीस आणि राखी कुरिअरनं येईल. आक्का, तुझ्या नऊ राख्या कुरिअरनं आल्या. दर वर्षी तो पोऱ्या माझी सही घेतो, मी पाकीट उघडतो आणि शेजारच्या जुबेदाभाभींकडून राखी बांधून घेतो. त्या बिचाऱ्या दर वेळी विचारतात, की मास्टर, आपा कब आएगी. दहावी राखी मला कुरिअरनं नको आहे. म्हणून त्या रविवारी काय झालं ते मी सविस्तर लिहितो आहे. सगळं वाचल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी सगळं वाच.

सुरुवात पाखरांपासून करावी लागेल. मी रिटायर झालो त्याच महिन्यात शालूच्या बचत गटानं टर्कीपालनाचं प्रशिक्षण घेतलं. (गटातल्या बायकांनी शेळ्या मागितल्या होत्या. वरून टर्की आल्या.) शालूच्या वाट्याला सहा पिल्लं आली. त्यांतली दोन पहिल्या पावसात भिजून गेली, एक मांजरानं नेलं, एक गटाच्या अध्यक्षीणबाईंनी वाढवायला मागून नेलं ते परत आलंच नाही, आणि दोन उरली. ती मात्र अशी वाढली, की माझ्या उमेदवारीच्या काळात एवढा पगार वाढला असता तर मी आज जालन्यात बंगला बांधला असता. नऊ-नऊ किलोचा एकेक नर. अंग काळंकरडं, डोकं निळसर, गळ्याखाली लाल लोंबतं मांस, आणि राग आला की ते सगळं लालभडक होतं. गल्लीत त्यांना ‘मास्तरचे मोर’ म्हणतात. या पाखराचा एक गुण सांगण्यासारखा आहे. कुठलाही मोठा आवाज झाला की ते उत्तर देतं. मी शिंकलो की गुलुगुलु. कुकरची शिट्टी झाली की गुलुगुलु. तीस वर्षं हजेरी घेतली पण एवढ्या तत्परतेनं ‘हजर’ म्हणणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता, त्यामुळे खरं सांगायचं तर माझा त्यांच्यावर जीव बसला.

आता दाजींचं. आपल्या घराच्या वास्तुशांतीला जे झालं ते मी विसरलेलो नाही. आहेराच्या वेळी जावयांमध्ये मागंपुढं नको, कुणी नाराज व्हायला नको, म्हणून मी मुळाक्षरांप्रमाणे यादी केली. (मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.) भुजंगदाजी धाकटे जावई असून ‘भ’मुळे वर गेले आणि आपले साहेबराव दाजी ‘स’मुळे तळाला. त्यांच्यापर्यंत येईतो टोप्या संपल्या आणि टॉवेलही संपले. मी यादीवर त्यांच्या नावापुढं ‘नंतर’ असं लिहिलं, आणि ते नंतर नऊ वर्षं आलं नाही. पण तुझ्या ऑपरेशनच्या वेळी जालन्याच्या दवाखान्यात मी थर्मास घेऊन आलो, तेव्हा दाजी खिडकीकडे तोंड करून बसले होते, तरी त्यांनी माझ्या हातून अर्धा कप चहा घेतला. अर्धाच घेतला, पण घेतला. मी त्याच आठवड्यात बबलूला फोन केला, की आखाड संपायच्या आत एका रविवारी दाजींना घेऊन ये, पाखरू कापतो.

रविवारी सकाळी सातला शेजारचे गयासोद्दीनभाई सुरी घेऊन हजर. त्यांचं तुला माहीत आहे, आपल्या आबांच्या कंदुऱ्यांना नवसाचं बकरं कापायला त्यांचे वडील यायचे, आता हे येतात, आणि गल्लीतलं कापणं-सोलणं सगळं त्यांच्याच हातचं. दोन्हींतलं कुठलं पाखरू कापायचं हे ठरवायला मला अर्धा तास लागला. शेवटी मी पाठ करून उभा राहिलो आणि म्हटलं, तुम्हीच ठरवा. काम झाल्यावर त्यांनी मांस भगुण्यात टाकलं, आतलं सामान ताटलीत काढलं, आणि मान एका फडक्यात बांधून सायकलला अडकवली. शालू बघतच राहिली, कारण ती मान म्हणजे कोंबडीच्या मानेसारखी चिमूटभर नव्हती, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी होती. भाई म्हणाले, “वैनी, पाखरू कोणतं बी असू द्या, गर्दन कापणाऱ्याची. दादा-परदादापासून बराबर चालत आलंय.” यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आबांच्या वेळेलाही बकऱ्याची मान त्यांच्याच वडलांकडे जायची. तो त्यांचा हक्क होता आणि त्यांनी तो नेला.

राहिलं ते आतलं सामान. माझा बेत असा होता, की कलेजी वेगळी परतून दाजींच्या ताटात पहिली वाढायची, म्हणजे नऊ वर्षांचं ‘नंतर’ एका घासात फिटेल. शालू म्हणत होती, तुम्ही हात लावू नका, मी साफ करते. पण दाजींच्या मानाचं काम मी स्वतः करणार असा माझा हट्ट. आधी मी पोटा घेतला. (पोटा म्हणजे पाखराची दाणे दळायची जाड पिशवी.) तो उभा चिरला तर आत ज्वारी, वाळू, बारीक खडे, माझ्या निळ्या शर्टाचं दोन महिन्यांपूर्वी हरवलेलं बटण आणि अर्धा खडू निघाला. (रिटायर होताना मी खडूची एक पेटी आठवण म्हणून आणली होती, ती मागच्या ओट्यावर होती.) खडू बघून मला गलबलून आलं आणि त्या भरात मी कलेजीकडे वळलो. कलेजीला पित्ताची एक हिरवी पिशवी चिकटलेली असते. ती न फोडता अलगद काढायची असते, हे मला नंतर कळलं. माझ्या हातून ती फुटली आणि सगळी कलेजी हिरवीगार झाली. तीन पाण्यांनी धुतली, मीठ लावलं, लिंबू लावलं, शेवटी चाखून पाहिली. आक्का, लहानपणी तू मला जंतावरचा काढा पाजायचीस, तो याच्यापुढं उसाचा रस होता. कलेजी गेली. दाजींच्या ताटात मानाचं म्हणून वाढायला आता माझ्याकडं काहीच उरलं नाही.

मी हात धुऊन ओट्यावर डोकं धरून बसलेलो आणि नेमका त्याच वेळी बबलूच्या नंबरवरून दाजी निघाल्याचा निरोप आला. तो मी अजून ठेवला आहे, जशाचा तसा उतरवून देतो: “अण्णा निघाले. बाकी काही नको, फक्त मान ठेवा.”

आता तू मला सांग, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर काय समजलं असतं. सकाळपासून घरात मान, पोटा, कलेजी याशिवाय दुसरा विषय नव्हता. शिवाय दाजींच्या पहिल्या आखाडाची गोष्ट तूच तर सांगायचीस. नवे जावई म्हणून आईनं कोंबडीची तंगडी वाढली तर त्यांनी ती बाजूला सारून मान मागितली आणि एकेक मणका सोडवत तासभर खात बसले, आणि आई म्हणाली, जावई चवीनं खाणारा आहे, आपली सगुणा सुखात राहील. ते सगळं मला एका क्षणात आठवलं आणि मी खरंच हरखलो. मी शालूला ओरडून सांगितलं, की दाजी बदलले, त्यांना टोपी नको, टॉवेल नको, जुना राग नको, त्यांना फक्त मान पाहिजे. शालू म्हणाली, बघा बरं नीट वाचून. मी म्हटलं, मला मराठी शिकवू नकोस. (हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा गिळलं आहे.)

मी तसाच चपला घालून गयासोद्दीनभाईंच्या घरी पळालो. भाई आंघोळीला गेले होते. जुबेदाभाभींना मी सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या अर्ध्या कपापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चुलीकडे बोट दाखवलं. मान तोडून, हळद-मीठ लावून देगचीत चढली होती. मी म्हटलं, भाभी, आहे तशी द्या, पुढचं आम्ही शिजवतो. त्या नाही म्हणाल्या. “मास्टर, ये मुर्गी की गर्दन नहीं है. दो घंटे लगते. कच्ची ले गये तो दाजी के दाँत मेरे आँगन में पड़ेंगे.” हक्काची वस्तू मी मागतो आहे याचा त्यांना राग आला असावा असं मला वाटलं होतं, पण उलट त्यांनी आणखी एक कांदा चिरायला घेतला आणि विचारलं, की आपाचे मालक तिखट किती खातात. मी म्हटलं, पिंपळगावचे आहेत, दारात मिरची पिकते. मग त्यांनी आणखी चार मिरच्या टाकल्या. मान तयार झाली की भाई स्वतः देगची घेऊन येतील असं ठरलं आणि मी निर्धास्त मनानं घरी आलो.

दाजी साडेबाराला आले. बबलूनं त्यांना दारात सोडलं आणि सासुरवाडीला जाऊन येतो म्हणून तसाच मंठ्याकडे गेला, म्हणजे पुढचं काहीही त्यानं पाहिलेलं नाही, हे तू ध्यानात घे. दाजींनी हिरव्या मिरच्यांची पिशवी आणली होती. उंबऱ्याजवळ आल्यावर ते जरा थांबले, कुणी काही म्हणतं का बघायला. मी त्यावेळी मागच्या दारात भाई येतात का ते बघत होतो. शालूच्या हाताला पीठ होतं. राहिलेलं पाखरू मात्र धावत पुढं आलं, पिसं फुलवली, शेपटीचा पंखा केला, पाय आपटले आणि मोठ्यांदा गुलुगुलु केलं. त्या घरात त्या दिवशी दाजींचं रीतसर स्वागत केलं ते एवढ्या एकट्यानं.

एक वाजता पंगत बसली. भुजंगदाजी होते, माझ्या शाळेतले दोन जुने सोबती होते, शालूचे भाऊ होते. शालूनं भाकरी आणल्या, मी रस्सा वाढायला घेतला, आणि दाजींच्या ताटाशी आलो की पुढं सरकायचो. पहिल्यांदा त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. तिसऱ्या फेरीला भुजंगदाजी दुसरी भाकरी मोडत होते आणि साहेबराव दाजींच्या ताटात मीठ, लिंबाची फोड आणि कांदा एवढंच होतं. मी त्यांच्याजवळ वाकलो आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं प्रेमानं म्हणालो, की दाजी, जरा दम धरा, तुमची मान शिजून राह्यली.

शालू दारात भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. दाजींनी कांद्याची फोड ताटात परत ठेवली. माझ्या ध्यानात काही आलं नाही, मी आणखी पुढं गेलो. म्हटलं, सकाळीच कापून वेगळी ठेवली होती, दुसऱ्याच्या घरी गेलती, मी पळत जाऊन सांगून आलो. तेव्हा दाजी उठले. हात धुवायचं कारणच नव्हतं, हाताला काही लागलंच नव्हतं. ते दाराकडे निघाले. मला वाटलं, आता हे गेले की मी मरेपर्यंत कुरिअरवाल्याला सह्या देत राहणार.

पण दारात गयासोद्दीनभाई आडवे आले. दोन्ही हातांत देगची, खांद्यावर फडकं, मागं जुबेदाभाभी. देगची उतरवल्याशिवाय त्यांना बाजूला होता येईना आणि ते बाजूला झाल्याशिवाय दाजींना बाहेर जाता येईना. भाईंनी झाकण काढलं. तो वास घरभर गेला, त्याचं वर्णन मी करत नाही, श्रावण आहे. दाजींनी आत वाकून पाहिलं. दोन-दोन बोटांचे मणक्यांचे तुकडे, वर तेलाचा तवंग. त्यांनी भाईंना विचारलं, हे काय हाय. भाई म्हणाले, “दाजी, तुमची मान हाय.”

मग दाजी माझ्याकडं वळले आणि मी खिशातून फोन काढून तो निरोप त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो हात लांब करून वाचला. मग एकदा देगचीत पाहिलं, एकदा माझ्याकडं. ते हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त परत जाऊन आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, वाढ.

मान खाण्याचं एक असतं आक्का. ती घाईनं खाता येत नाही. एकेक मणका वेगळा करायचा, फटीतलं मांस सोडवायचं, नळीतला रस ओढायचा, आणि टर्कीच्या मानेत असे मणके किती असतात हे मी त्या दिवशी पाहिलं. रागानं उठून जायचं म्हटलं तरी दहाही बोटं गुंतलेली. पंगत उठली, भुजंगदाजी सुपारी तोंडात टाकून गेले, सोबती गेले, आणि मी वाढणारा असल्यामुळे जेवायचा राहिलो होतो. मग मी दाजींच्या शेजारी बसलो आणि त्यांनी अर्धी मान माझ्या ताटात टाकली. पाऊण तास आम्ही दोघं खाली बघून मणके सोडवत बसलो. कितीतरी वेळानं मी म्हणालो, की दाजी, वास्तुशांतीला टोपी कमी पडली ती माझीच चूक, मी यादी चुकीची केली.

दाजींनी हातातला मणका संपवला, ताटाच्या कडेला ठेवला आणि मग म्हणाले, “टोपीचं काय घिऊन बसला मास्तर. टोपी बाजारात भेटती. तीन महिने तुझ्या ह्या भितींला मी पाणी मारलं, तू साळंत जायचा. आन् त्या दिवशी तू यादी वाचून राह्यल्ता. मी म्होरंच बसेल होतो. तू मान वर करून माझ्याकडं बघितलं न्हाई.”

ते खरं होतं. हे घर उभं राहत होतं तेव्हा मी सकाळी सातच्या गाडीनं शाळेला जायचो आणि दाजी पिंपळगावची मिरची सोडून इथं नळी धरून उभे राहायचे, हे मी खुशाल विसरलो होतो. मी टोपीचा हिशेब नऊ वर्षं मनात घोळवत बसलो आणि माणसाचा विसरलो. मला फार लाज वाटली, आणि तुला सांगायला हरकत नाही, बरंही वाटलं, कारण नऊ वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर रीतसर रागावले होते. मी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (जुबेदाभाभींच्या मिरच्या जास्त झाल्या होत्या, हेही नोंदवतो.) मग त्यांनी विचारलं, आणखी रस्सा हाय का. भाभींना म्हणाले, असं खाणं आयुष्यात झालं न्हाई. संध्याकाळी बबलू घ्यायला येईपर्यंत ते ओट्यावर आडवे होऊन बिलकुल घरच्यासारखे घोरत होते आणि त्यांनी घोरलं की पाखरू उत्तर देत होतं.

एवढं सगळं नीट झालं आणि मग तुझा फोन बंद. बबलूनं सांगितलं म्हणून कळलं. दाजी घरी आल्यावर तू विचारलंस, मान मिळाला का. दाजी म्हणाले, मिळाली, चांगली शिजली होती, पण वेळ लागला, सगळ्यांचं झाल्यावर वाढली. आणि झोपून गेले. (त्यांना जास्त बोलायची सवय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे.) तू समजलीस ते टोमणा मारताहेत. आक्का, टोमणा नव्हता. ते व्याकरणानं बोलत होते. आमच्या घरात त्या दिवशी स्त्रीलिंग कुठलं आणि पुल्लिंग कुठलं हे एकट्या दाजींना बरोबर कळलं होतं.

तर हे असं झालं. दाजींना विचारून खात्री करून घे, पण नीट प्रश्न विचार. सूनबाईला आशीर्वाद. गुडघ्याला जप, पायऱ्या चढू नकोस, आणि पत्राचं उत्तर पत्रानं, फोननं, कसंही पाठव.

तीस वर्षं लिंग-वचन शिकवून एका अक्षरात नापास झालेला,
तुझा भाऊ
कल्याण

ता. क. – दाजींनी मानेची कृती मागितली होती, ती भाभींकडून लिहून घेतली आहे. मानेचं कातडं काढून दोन-दोन बोटांचे तुकडे करावेत. हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात मंद आचेवर दोन तास ठेवावी, घाई करू नये. पोटा उभा चिरून आतलं पिवळं कातडं सोलून टाकावं आणि तो मानेबरोबरच शिजू द्यावा, दिलही त्यातच. कलेजी शेवटच्या दहा मिनिटांत, आधी टाकली तर चामडं होतं. उकळलेलं पाणी फेकू नये, सगळी चव त्यातच असते, त्यातच कांदा-खोबरं भाजून काळा मसाला घालून रस्सा करावा. पित्ताच्या पिशवीला मास्तरांनी हात लावू नये.

दुसरा ता. क. – टोपी-टॉवेल शालूनं आठवणीनं आणून ठेवले होते. दाजी निघताना मी ते पुढं केले. ते म्हणाले, राहू दे आता, सगुणा आल्यावर दोघांना संगंच घाल. तेव्हा ते कपाटात आहेत आणि शेजारी तुझं लुगडं आहे. हिरवं आहे. आवडलं नाही तर बदलून मिळणार आहे, पण त्यासाठी तुला स्वतः दुकानात यावं लागेल, असं दुकानदार म्हणतो. (असं मी म्हणतो.)

तिसरा ता. क. – हे लिहू की नको असं सकाळपासून चाललं होतं, पण लिहितो. बबलूनं काल कबूल केलं, की तो निरोप त्याचा नव्हता आणि दाजींचाही नव्हता. दाजी फक्त ‘येतो’ म्हणाले होते. फोन बबलूचा, पण बाकी काही नको, फक्त मान ठेवा, हे खाटेवर बसून तू टाइप केलंस. आक्का, ‘अण्णांचा’ एवढा एक शब्द टाकला असतास तर ही मान आज गयासोद्दीनभाईंच्या पोटात असती. तेव्हा चूक अर्धी तुझी आहे आणि शिक्षाही अर्धी तुला भोगावी लागेल. राखीला ये. राखीला श्रावण असतो, तेव्हा नुसती पुरणपोळी मिळेल. दुसऱ्या पाखराची मान मी तुझ्यासाठी ठेवली आहे, (पाखरासकट, सध्या ती अंगणात हिंडते आहे) पण ती श्रावण संपल्याशिवाय शिजवता येणार नाही. म्हणजे तुला पोळा होईपर्यंत इथंच राहावं लागेल, पंधरा दिवस. खरं तर हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं.

चौथा ता. क., शालूकडून – वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला मी निघाले म्हणून पाकीट उघडून वाचलं. सगळं बराबर लिहिलंय, फक्त रडले एकटे दाजी न्हाईत. मी सैपाकघरातून बघत होते, तिखटानं यांना कधीच काही होत न्हाई तरी यांच्या नाकातून पाणी येऊन राह्यलं होतं. आणि मानेचं म्हणाल तर तिच्या भरवशावर येऊ नका. ते राहिलेलं पाखरू हे कुणाला कापू देणार न्हाईत. रोज हातानं ज्वारी चारतात आणि आक्का येणार हाय, आक्का येणार हाय म्हणून त्याला सांगत बसतात, ते पण हो हो करतं. तुम्ही नुसत्याच या. तुमचा गुडघा वाकत न्हाई म्हणून यांनी परवा बाजारातून एक उंच खुर्ची आणलीय. तेव्हापासून तिच्यावर घरात कुणालाच बसू देत न्हाईत.